जमीन मिळाली, माणसे गेली

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचे आडनाव होते असे सांगितले की अर्थशास्त्राच्या वर्गातील विद्यार्थी दर वर्षी हसतात. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या पंक्तीला ज्या बहिष्काराला स्थान मिळाले, त्याचे इंग्रजी नाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो नामक एका दरिद्री परगण्यातून आले, हे त्यांना खरेच वाटत नाही. नकाशावर या परगण्याच्या पश्चिमेस अटलांटिक महासागराखेरीज काहीही नाही. खडकाळ डोंगर, पावसाने कायम भिजलेली दलदल, तिच्या कडेकडेने दगडी बांधांनी कातरलेली चिमुकली शेते, असा हा मुलूख. आयर्लंडमध्ये कोणी आपण मेयोचे आहोत असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने 'देव आम्हाला तारो' असे म्हणावे, अशी एक जुनी रीतच आहे. प्रस्तुत लेखकाने मेयो पाहिलेले नाही. त्याची ओळख खानेसुमारीच्या तक्त्यांतून आणि जमिनीच्या कायद्यांच्या इतिहासातून झाली. परंतु त्या तक्त्यांत एक असे कोडे दडले आहे की, ज्यांना शेतकऱ्याच्या प्रश्नाविषयी आस्था आहे त्यांना ते टाळून पुढे जाता येऊ नये.

१८४१ साली मेयोची लोकसंख्या ३,८८,८८७ होती. दहा वर्षांनी ती पावणेतीन लाखांवर आली. दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन माणसे नाहीशी झाली. काही भुकेने आणि तापाने मेली, काही जहाजांत बसून गेली, काही जहाजांतच मेली. १८४५ पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाची ही कहाणी सर्वश्रुत आहे. परंतु रोगाने पीक जाते, एवढ्याने गाव उठत नाही. गाव उठविण्याचे काम कायद्याने केले. गरिबांच्या पोषणासाठी जो कर बसविला होता, तो ४ पौंडांहून कमी सारामूल्याच्या जमिनीवर कुळाऐवजी जमीनदाराने भरावयाचा होता, आणि मेयोतील बहुसंख्य जमिनी त्याच वर्गातल्या. म्हणजे लहान कूळ जितके अधिक, तितका जमीनदाराचा कर अधिक. त्यात १८४७ साली अशी अट आली की, ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. भुकेल्याने भाकरीसाठी जमीन सोडावी आणि जमीनदाराने कर वाचविण्यासाठी त्याचे झोपडे पाडावे, अशी ही दुहेरी कात्री होती. लॉर्ड लूकन या जमीनदाराने एकट्या बॅलिनरोबच्या भागातून दोन हजारांच्या घरात माणसे हुसकावून लावली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गुरे चारली. पुढे क्रिमियाच्या युद्धात घोडदळाच्या त्या प्रसिद्ध आत्मघातकी चढाईच्या वेळी हेच गृहस्थ घोडदळाचे सेनापती होते.

१८४९ च्या मार्च महिन्यातील एक प्रसंग मेयोचे लोक अद्याप विसरलेले नाहीत. लुईसबर्ग गावी मदतीसाठी जमलेल्या शेकडो उपाशी लोकांना, तपासनीस अधिकाऱ्यांपुढे दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहा असे सांगण्यात आले. अधिकारी होते डोंगरापलीकडे, डेल्फी येथील शिकारीच्या बंगल्यात. थंडीपावसातून रात्रभर चालून माणसे तेथे पोहोचली आणि त्यांना रिकाम्या हाती परत पाठविले गेले. डू लॉख या सरोवराच्या काठच्या वाटेवर त्यांतील अनेक मरून पडली. किती, याविषयी एकमत नाही. दुष्काळी काम पाहण्यासाठी साहेबाच्या मुक्कामी जाऊन खेटे घालणे हा अनुभव ज्या प्रदेशाने घेतला आहे, त्याला या हकीकतीचे स्पष्टीकरण लागू नये.

दुष्काळ सरताच १८५० साली स्ट्रेड गावातील एका कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले. त्यात चार वर्षांचा एक मुलगा होता. कुटुंब समुद्रापलीकडे लँकेशायरला गेले, मुलगा कापडगिरणीत लागला आणि अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. हा मायकेल डेव्हिट. तो पुढे क्रांतिकारकांत सामील झाला, त्याला पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली, सात वर्षांनी सुटला आणि मेयोत परतला. त्या वेळी लागोपाठ पिके बुडत होती, अमेरिकन धान्यामुळे भाव पडले होते, आणि इंग्लंडातील सुगीच्या मजुरीवर ज्यांचा खंड भागत असे त्यांची मजुरीही आटली होती. २० एप्रिल १८७९ रोजी आयरिशटाउन येथे शेतकऱ्यांची पहिली मोठी सभा झाली. डेव्हिट आणि कॅसलबारच्या 'कॉनॉट टेलिग्राफ' पत्राचा संपादक जेम्स डेली हे तिचे सूत्रधार. गंमत अशी की, ज्या मालमत्तेवरील कुळांसाठी ही सभा भरली तिचा कारभार एका कॅथलिक धर्मगुरूकडे होता; तेव्हा जमिनीचा झगडा म्हणजे केवळ परधर्मीय जमीनदाराविरुद्धचा झगडा, असे समजणे फारसे बरोबर नाही. ऑगस्टमध्ये कॅसलबारला मेयोची भूमिसंघटना स्थापन झाली आणि ऑक्टोबरात डब्लिनला पार्नेल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय भूमिसंघटना.

याच १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना कर्जमुक्तीचा दिलासा देणारा कायदा आपल्याकडे झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्यामागे १८७५ चे पुणे व नगर जिल्ह्यांतील सावकारविरोधी दंगे होते. तिकडे खंडाची पावती, इकडे सावकाराचे खत. दुखणे एकाच जातीचे.

आता त्या कप्तानाकडे वळू. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हे लॉर्ड अर्न या जमीनदाराचे लॉख मास्क सरोवराकाठी राहणारे कारभारी. १८८० च्या हंगामात कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली, जमीनदार १० वर अडून बसला, आणि बॉयकॉट यांनी जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. तत्पूर्वी काही दिवस एनिसच्या सभेत पार्नेल यांनी सांगितले होते की, जो हुसकावलेल्याची जमीन घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी सर्व व्यवहार तोडा. मेयोच्या लोकांनी ही मात्रा कप्तानावर चालविली. शेतमजूर निघून गेले, घरगडी गेले, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणे बंद केले, कपडे धुणारीण येईना, टपाल पोहोचेना. शेवटी उत्तरेकडील कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून ५० प्रॉटेस्टंट मजूर आणि त्यांच्या रक्षणास सुमारे एक हजार शिपाई व पोलीस आणून कप्तानाचे बटाटे आणि सलगम काढावे लागले. पीक ५०० पौंडांच्या आसपास, ते काढण्याचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात! अर्थशास्त्रात सीमांत खर्च समजावून देण्यास याहून उत्तम उदाहरण मला सापडलेले नाही. नोव्हेंबर संपता संपता कप्तान मेयो सोडून गेले. गावच्या फादर ओमॅली यांनी एका अमेरिकन वार्ताहराला, खेडुतांच्या तोंडी सहज बसेल म्हणून, या प्रकाराला कप्तानाचेच नाव सुचविले असे सांगतात.

शब्द मेयोचा, हे खरे. हत्यार मात्र मेयोच्या आधी आपल्याकडे चालून गेलेले होते. शिरूर तालुक्यातील करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम या सावकाराने एका देशमुखाचे घर हुकूमनाम्याखाली पाडले, तेव्हा गावाने सावकारालाच वाळीत टाकले. त्याची शेती कोणी करीना, न्हावी-परीट त्याच्याकडे जाईनात. दक्षिणेतील दंग्यांच्या चौकशी आयोगाने ही हकीकत नोंदविली आहे. करडे आणि बॅलिनरोब यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तथापि वाळीत टाकण्याची आपली परंपरा मुख्यत्वे जातपंचायतीची. तिचा रोख दुर्बळावर अधिक चाले आणि अद्यापही चालतो, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. मेयोतही हे हत्यार नेहमीच कप्तानांवर चालले असे नाही. हुसकावलेल्याची जमीन घेणारा आपल्यासारखाच दरिद्री शेजारीही त्याखाली सापडला. समाजाची एकजूट ही देखणी गोष्ट असली, तरी जो तिच्या बाहेर पडतो त्याच्या दृष्टीने ती तितकीशी देखणी नसते.

असो. झगडा जिंकला गेला. १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड, कबजाची शाश्वती आणि हक्क विकण्याची मुभा दिली. १८९१ साली दाटीच्या प्रदेशांसाठी एक सरकारी मंडळ स्थापन झाले. दरडोई सारामूल्य ३० शिलिंगांहून कमी असलेले भाग त्याच्या कक्षेत घेतले गेले, आणि १९०९ मध्ये सबंध मेयो परगणाच त्यात आला. १९०३ च्या कायद्याने सरकारने पैसा उभा करून जमीनदारांना दिला आणि कुळांनी साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी तो फेडावयाचा, अशी व्यवस्था झाली. या कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा हात होता ते सर अँटनी मॅक्डॉनेल स्वतः मेयोचे, आणि त्यांची हयात गेली हिंदुस्थानात. १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष तेच. मुंबई इलाख्यातील निदान चौथा हिस्सा शेतकरी जमिनीचा कबजा गमावून बसले आहेत, असे त्याच आयोगाने बजावले आणि परस्पर सहकारी पतसंस्थांची शिफारस केली. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याची वाट त्यातून सुकर झाली. आपल्याकडील सहकाराच्या वंशावळीत मेयोच्या या मुलकी अधिकाऱ्याचे नाव क्वचितच घेतले जाते. अजमेरच्या मेयो कॉलेजमुळे आपल्याला ठाऊक असलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा मात्र या परगण्याशी संबंध किताबापुरताच होता.

तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेयोचा कूळ जमिनीचा धनी झाला. आणि हेच ते कोडे. १९०१ साली परगण्यात जेमतेम दोन लाख माणसे उरली होती. जमीनदार गेल्यानंतर तरी ही गळती थांबावी की नाही? १९७१ च्या खानेसुमारीत आकडा निघाला १,०९,५२५. दुष्काळ नाही, हुसकावणी नाही, परकी सत्ताही १९२२ पासून नाही, आणि तरी सत्तर वर्षांत आणखी पंचेचाळीस टक्के माणसे गेली. एका अर्थी हा दुसरा दुष्काळच. फरक एवढाच की, यात कोणी मेले नाही म्हणून त्याचे स्मारक कोणी उभारले नाही.

याचे उत्तर जमिनीच्या आकारात आहे. मंडळाने विखुरलेले तुकडे एकत्र करून दिले, मोठ्या चराऊ मालमत्ता विकत घेऊन वाटल्या, क्लेअर बेटावर चराऊ रान आणि लागवडीची जमीन वेगळी करणारी लांबच लांब भिंत बांधून कुळांना जमिनी दिल्या. सगळे खरे, पण वाटून वाटून जे हाती आले ते एका कुटुंबालाही धड पोसणारे नव्हते. तुकडे आणखी पाडावयाचे नाहीत म्हणून जमीन एका मुलाला जाऊ लागली. चार भावंडे असली की तिघांनी गाशा गुंडाळावयाचा, हे जन्मतःच ठरलेले. मालकी हक्काने जमीनदाराला बाहेर काढले आणि त्याच हक्काने धाकट्या भावालाही. हप्त्यांचा पैसा ब्रिटनला द्यावयाचा नाही असे १९३२ मध्ये डी व्हॅलेरा यांनी ठरविले, तेव्हा ब्रिटनने आयरिश गुरांवर जकात बसविली आणि गुरे विकून जगणाऱ्या लहान शेतकऱ्याला तीही झळ सोसावी लागली. डेव्हिट यांना जमिनीची खाजगी मालकी हे उत्तर कधीच पटले नव्हते. जमीन राष्ट्राची असावी, खंडाच्या रूपाने येणारे उत्पन्न सर्वांचे असावे, असे त्यांचे मत होते आणि त्यापायी त्यांना स्वतःच्याच चळवळीत एकटे पडावे लागले. तेवढ्याने माणसे मेयोत राहिली असती असे मला वाटत नाही. मालक बदलल्याने एकराचे उत्पन्न बदलत नाही. परंतु निदान प्रश्न जमिनीपुरता संपत नाही, एवढे त्यांनी ओळखले होते.

जे गेले ते कसे गेले याची एक हकीकत ॲकिल बेटाची आहे. तेथील तरुण मुलेमुली बटाटे काढण्याच्या हंगामाला टोळ्यांनी स्कॉटलंडला जात. १८९४ च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या आगबोटीवर नेणारी होडी क्लू उपसागरात उलटून बत्तीस जण बुडाले. ॲकिलपर्यंतचा लोहमार्ग त्या वेळी रीतसर खुलाही झाला नव्हता. त्यावरून आलेल्या पहिल्या गाडीने त्यांची प्रेते आणली. १९३७ च्या सप्टेंबरात कर्किंटिलॉख येथे मजुरांच्या झोपण्याच्या खोपटाला आग लागून ॲकिलची दहा मुले जळून मेली. त्यांची प्रेतेही त्याच मार्गाने आली, आणि महिना संपण्यापूर्वी तो लोहमार्ग कायमचा बंद झाला.

मात्र उरलेल्यांनी हातावर हात ठेवून दिवस काढले, असे कोणी समजू नये. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक यांच्याशी जुळणारी 'मेहल' नावाची रीत या खेड्यांत होती. दलदलीतील कुजट मातीचे तुकडे कापून वाळवावयाचे आणि वर्षभर ते चुलीत जाळावयाचे, हे काम एकट्याचे नव्हे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे असे ते चाले. उत्तर किनाऱ्यावर हीच माती कापताना एका शाळामास्तराला १९३० च्या दशकात खाली दगडी बांधांच्या रांगा लागल्या आणि पुढे त्याच्या पुराणवस्तुसंशोधक मुलाने त्या पाच हजार वर्षांहून जुन्या शेतांच्या असल्याचे दाखवून दिले. घरोघरी पाळीपाळीने धर्मगुरूला बोलावून प्रार्थना करण्याची चालही होती, आणि तिच्या निमित्ताने पाळी आलेले घर रंगवून निघे. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिकच्या ७६४ मीटर उंच डोंगरावर हजारो यात्रेकरू चढतात, काही अनवाणी. आणि फुटबॉल! मेयोच्या गेलिक फुटबॉल संघाने १९५१ साली अखिल आयर्लंडचे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर १९८९ पासून २०२१ पर्यंत तो अकरा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि अकराही वेळा हरला. जवळजवळ दर वेळी जगभर पांगलेले मेयोकर हिरवे-तांबडे सदरे घालून डब्लिनला जमले. या एकनिष्ठेचा अर्थशास्त्रीय खुलासा माझ्याजवळ नाही.

एकजुटीचा हा साठा उत्पादनाकडे वळविण्याचे प्रयत्न थोडे झाले. पण जे झाले ते टिकले. फॉक्सफर्ड येथे १८९२ साली मदर अॅग्नेस मॉरो-बर्नार्ड या जोगिणीने मॉय नदीच्या पाण्यावर लोकरीची गिरणी काढली. मंडळाने कर्ज दिले आणि उत्तरेतील एका प्रॉटेस्टंट गिरणीवाल्याने कसब शिकविले. फॉक्सफर्डचे कांबळे आजही विकले जाते. उलट, सरकारने बाहेरून आणलेल्या कारखान्यांचा अनुभव मिश्र आहे. किलाला येथे १९७७ मध्ये सुरू झालेला जपानी कृत्रिम धाग्याचा कारखाना वीस वर्षांत बंद पडला. त्याच वर्षी वेस्टपोर्टला आलेली औषध कंपनी मात्र रुजली, आणि सुरकुत्या घालविण्याचे 'बोटॉक्स' हे औषध या दुष्काळी मुलखातून साऱ्या जगाला जाऊ लागले.

परंतु मेयोच्या स्वभावाचा खरा नमुना म्हणजे नॉकचा विमानतळ. नॉक हे यात्रेचे गाव. २१ ऑगस्ट १८७९ रोजी, भूमिसंघटनेच्या स्थापनेनंतर अवघ्या पाच दिवसांनी, तेथील पंधरा जणांनी चर्चच्या भिंतीवर मेरी मातेचे दर्शन झाल्याची साक्ष दिली. शंभर वर्षांनी पोप येऊन गेले, आणि तेथील धर्मगुरू जेम्स होरान यांनी या डोंगरी माळावर आंतरराष्ट्रीय विमानतळ हवा असा आग्रह धरला. डब्लिनच्या अर्थतज्ज्ञांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. माळावर धुके, खाली दलदल, भोवती माणसे नाहीत, मग विमाने कोणासाठी? एका सरकारने पैसा दिला, दुसऱ्याने हात आखडला, तेव्हा होरान यांनी सोडत काढून, परदेशी गेलेल्या मेयोकरांकडून वर्गणी जमवून धावपट्टी पुरी केली. ३० मे १९८६ रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले. दोन महिन्यांनी होरान लूर्डच्या यात्रेत वारले आणि त्यांचे पार्थिव त्याच धावपट्टीवर उतरले. २०२३ मध्ये आठ लाखांहून अधिक प्रवाशांनी हा विमानतळ वापरला. त्या टिंगल करणाऱ्यांत मीही असतो, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. भोवती खरोखरच माणसे नव्हती. ती बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लंडन येथे होती, आणि त्यांना घरी यावयाचे होते. मागणी परगण्याबाहेर जाऊन बसली होती, एवढेच तज्ज्ञांच्या नजरेतून सुटले.

जमिनीवरचा हक्क आणि देशाचा लाभ यांचा झगडा मेयोत पुन्हा पेटला तो २००५ साली. समुद्रातील नैसर्गिक वायूची नळवाहिनी आपल्या शेतातून व घरांजवळून जाऊ देण्यास रॉसपोर्टच्या पाच जणांनी नकार दिला आणि न्यायालयाचा अवमान केला म्हणून चौऱ्याण्णव दिवस तुरुंग सोसला. वाहिनीचा मार्ग बदलावा लागला. वायू अखेर २०१५ च्या डिसेंबरात वाहू लागला.

२०२२ च्या खानेसुमारीत मेयोची लोकसंख्या १ लाख ३८ हजारांच्या आसपास भरली. १८४१ च्या जेमतेम पस्तीस टक्के, तरीही १९७१ पेक्षा सव्वा पट. ही वाढ केवळ परतलेल्या मेयोकरांची नाही. बॅलीहॉनिस या छोट्या गावी १९७० च्या दशकात एका पाकिस्तानी उद्योजकाने हलाल मांसाचा कारखाना काढला. मेयोच्या लहान शेतकऱ्यांची जनावरे तेथे कापली जाऊन मुसलमान देशांना जाऊ लागली, कामगारांची कुटुंबे आली आणि १९८७ मध्ये गावात मशीद उभी राहिली. पुढे पूर्व युरोपातून माणसे आली. २०११ च्या मोजणीत या गावातील दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ चार परदेशी नागरिक निघाले. गावच्या मैदानावर आयरिश हॉकीची काठी घेऊन धावणाऱ्या मुलांत आता लाहोरकडच्या आडनावांची मुलेही असतात, आणि त्यांतील कोणाच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडाही यावयाचा नाही.